प्रवाळ, चुना आणि एक भूलतज्ज्ञ

‘डॉक्टरांचे छंद’ या विषयावर स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकारच कळविला होता. आपल्या संस्थेत गाणारे आहेत, सह्याद्रीचे गड पालथे घालणारे आहेत, कविता करणारेही दोघे-तिघे आहेत. मी मात्र चाळीस वर्षे दुसऱ्यांना झोपविण्याचे आणि वेळेवर जागे करण्याचे काम केले. भूलतज्ज्ञाला छंदासाठी सवड मिळते ती दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या चहापुरती. पुढे सौ.नीच आठवण करून दिली, “अहो, न्यू जर्सीच्या त्या टाकीचं लिहा की! मुलाचं पोवळं मारलात, तेही लिहा.” तेव्हा हा लेख त्यांच्या आज्ञेने लिहीत आहे आणि तो छंदाचा कमी व कबुलीजबाबाचा अधिक आहे.

सुरुवात निपाणीपासून करावी लागेल. माझे बालपण तेथे गेले. तंबाखूच्या वखारी, हवेतला तो नाकात झोंबणारा वास आणि प्रत्येक वडीलधाऱ्याच्या कनवटीला चुन्याची डबी. चुना आमच्यासाठी इतका परिचित पदार्थ होता की शाळेत शास्त्राच्या गुरुजींनी ‘प्रयोगासाठी चुना आणा’ म्हटले, तेव्हा निम्म्या वर्गाने घरच्या डब्या पळवून आणल्या होत्या. गुरुजींनी तो पाण्यात कालवला, रात्रभर ठेवला आणि सकाळी वरची निवळी हलकेच काढून घेतली. पपईच्या देठाची नळी करून आम्ही आळीपाळीने तीत फुंकर घातली आणि निवळी दुधासारखी पांढरी झाली. एवढे सर्वांना आठवत असेल. पण आमचे गुरुजी तेथे थांबले नाहीत. निवळीत पाणी घालून ती पातळ केली आणि म्हणाले, “आता फुंकत राहा, थांबू नका.” गाल दुखेपर्यंत आम्ही फुंकत राहिलो आणि ते दुधी पाणी हळूहळू पुन्हा स्वच्छ झाले.

पहिल्या फुंकरीने उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावून न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चक्क दगड, तयार होतो. फुंकत राहिल्यास जादा कार्बन डायऑक्साइड त्याच दगडाचे विरघळणाऱ्या बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करतो. वायू असेपर्यंत दगड पाण्यात. वायू निसटला की पाण्यातून पुन्हा दगड. ज्या यंत्राविषयी मी लिहिणार आहे, त्याचे सारे गुण आणि सारे रोग या दोन वाक्यांत आलेले आहेत. मला मात्र हे कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली आणि एक पोवळे गमवावे लागले.

२०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता चिरंजीवांकडे न्यू जर्सीत गेलो. दिवाणखान्यात सुमारे ४०० लिटरची काचेची टाकी होती. लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालयात समुद्री मासे पाहिले होते, परंतु हे प्रकरण वेगळे होते. यात मासे चार-पाचच. बाकी सारा प्रवाळांचा संसार. कोणी मेंदूसारखे घडीघडीचे, कोणी हरणाच्या शिंगासारखे फांद्यांचे. या फांदीवाल्यांना अॅक्रोपोरा म्हणतात. त्यातली एक जांभळ्या टोकांची वसाहत चिरंजीवांची विशेष लाडकी. २०१७ साली नात जन्मली, त्या आठवड्यात एका मित्राने बोटाच्या पेराएवढा तुकडा भेट दिला होता. सहा वर्षांत त्याचे ओंजळीएवढे झाड झाले होते. घरात दोघींची वाढ एकाच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदविलेली होती.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. लेख वाचून बेळगावात कोणी अशी टाकी मांडावयास जाऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व खडकबांधणी करणारे प्रवाळ समाविष्ट झाले. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. आपल्याला प्रवाळ पाहावयाचे तर आंबोली घाट उतरून मालवण गाठावे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात डोके बुडवावे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आहे. घरातली टाकी ही आपल्या मुलाबाळांच्या परदेशातील घरांचीच गोष्ट, आणि तेथेही प्रवाळ पैदाशीच्या तुकड्यांचेच घ्यावेत, असे माझे मत आहे.

आता थोडे शरीरक्रियाशास्त्र. आपल्या रक्तात लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ४१० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट. उलट बायकार्बोनेटची बाजू पाहा. आपल्याकडे लिटरला २४ मिलिइक्विव्हॅलंट. समुद्राची एकूण अल्कलिनिटी जेमतेम अडीच. कॅल्शियमचा धनी आणि बफरचा दरिद्री असा हा समुद्र आहे. प्रवाळ आपला सांगाडा बांधताना दोन्ही एकाच प्रमाणात उचलतो. पाण्यातून २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेले की त्याबरोबर १ मिलिइक्विव्हॅलंट अल्कलिनिटी जाते. हौशी मंडळी अल्कलिनिटी जर्मन अंशांत मोजतात. त्या मापाने २.८ अंश गेले. म्हणजे कॅल्शियम ४२० वरून ४०० झाले तर कोणी दखलही घेणार नाही, पण त्याच वेळी अल्कलिनिटी ८ वरून ५.२ वर येऊन टाकी संकटात सापडलेली असते. यंत्राच्या नावात कॅल्शियम असले तरी नाडी पाहावयाची ती अल्कलिनिटीची. नव्या माणसाची पहिली चूक येथेच होते. तो कॅल्शियम मोजतो, आकडा चांगला येतो आणि तो निश्चिंत झोपी जातो.

मोठ्या टाकीत ही रोजची झीज भरून काढण्यासाठी कॅल्शियम रिअॅक्टर वापरतात. जर्मनीतील मंडळींनी १९९० च्या सुमारास ही युक्ती रूढ केली. एका पारदर्शक नळकांड्यात मृत प्रवाळांची खडी भरलेली असते. टाकीतले थोडे पाणी तीत येते, एक पंप ते आतल्या आत फिरवीत राहतो आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडले जातात. आतला पीएच ६.६ च्या आसपास उतरला की खडी विरघळू लागते आणि दुसऱ्या टोकाने कॅल्शियम व बायकार्बोनेटने समृद्ध झालेले पाणी थेंब-थेंब टाकीत परतते. मेलेल्या प्रवाळांची हाडे जिवंत प्रवाळांना भरवायची. गुरुजींचा प्रयोगच, फक्त फुंकर सिलिंडरची.

कपाटाचे दार उघडून चिरंजीवांनी मला हे प्रथम दाखविले, तेव्हा मला आपल्या जुन्या ऑपरेशन थिएटरात उभे असल्यासारखे वाटले. सिलिंडर, रेग्युलेटर, बारीक सुईचा व्हॉल्व्ह, बुडबुडे मोजण्याची बाटली, पीएचचा प्रोब आणि हव्या त्या पीएचला वायू बंद करणारा कंट्रोलर. सिलिंडरच्या दाबमापकावर विसंबू नकोस, हे मी त्यांना आल्या दिवशीच सांगितले. आपल्या निळ्या नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरप्रमाणेच कार्बन डायऑक्साइडही आत द्रवरूपात असतो. द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. त्या घटकेला साधा एकपदरी रेग्युलेटर जादा वायू सोडून देतो आणि टाकीतले जीव गुदमरतात. शिल्लक पाहावयाची तर सिलिंडर वजन करूनच पाहावा. चिरंजीव प्रभावित झाले. माझा आत्मविश्वास वाढला, आणि तोच पुढे नडला.

यंत्र लावण्याचे गणित आपल्या सलाइनच्या गणिताहून अवघड नाही. रिअॅक्टर बंद ठेवून एका दिवसात अल्कलिनिटी किती उतरते ते पाहावे. चिरंजीवांच्या टाकीत ती दीड अंश उतरत असे. ४०० लिटरला ६०० एकके. रिअॅक्टरमधून निघणारे पाणी २५ अंशांचे आणि टाकीतले ८ अंशांचे, म्हणजे प्रत्येक लिटरमागे निव्वळ मिळकत १७. सहाशेला सतराने भागले की दिवसाला ३५ लिटर, मिनिटाला सुमारे साडेचोवीस मिलिलिटर. इतके ठरल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, एकतर प्रवाह नाहीतर वायू, आणि एक-दोन दिवस हात बांधून वाट पाहावी. हात बांधून बसणे आम्हा भूलतज्ज्ञांच्या स्वभावात नाही. आम्हाला तीस सेकंदांत परिणाम दिसायची सवय.

जानेवारीच्या आरंभी चिरंजीव कचेरीच्या कामासाठी बारा दिवस सिंगापूरला गेले. जाताना म्हणाले, “बाबा, रोज फक्त अल्कलिनिटी मोजून मला कळवायची. बाकी कशाला हात लावायचा नाही.” मोजणी म्हणजे साधे टायट्रेशन; थेंब मोजत, निळा रंग जाऊन गुलाबी येईपर्यंत. पहिल्या दिवशी ८.२. तिसऱ्या दिवशी ७.६. हे दोन्ही आकडे मी कळविले. पाचव्या दिवशी ६.९ आला आणि तो मात्र मी कळविला नाही. ‘ठीक आहे’ एवढेच लिहिले. रात्री-अपरात्री वरिष्ठांना फोन करावयास कचरणाऱ्या निवासी डॉक्टरांना मी आयुष्यभर रागावत आलो. त्या दिवशी मी स्वतः तेच केले.

निदान मला उघड वाटत होते. खडी पुरेशी विरघळत नाही, म्हणजे आम्ल कमी पडते. मी कंट्रोलरवरचा पीएच ६.६ वरून ६.३ वर उतरविला. दोन दिवसांनी अल्कलिनिटी ६.४. औषध वाढवूनही रोग वाढत होता. त्या रात्री पंपाचा आवाज बदलला. कफाने भरलेल्या छातीत ऐकू यावी तशी घरघर. विजेरी लावून पाहिले तर नळकांड्यातल्या टणक खडीचा तळाशी पांढरा चिखल होऊ लागला होता. तेव्हा कोठे मला सुचले की पाणी किती बाहेर पडते हे मी एकदाही मोजलेले नाही. नातीच्या खोकल्याच्या औषधाचे दहा मिलिलिटरचे टोपण नळीखाली धरले आणि घड्याळ लावले. मिनिट संपला तरी टोपण भरले नाही. जेमतेम ९ मिलिलिटर.

नळीच्या टोकाचा व्हॉल्व्ह सोडवला. आत पांढऱ्या दगडाचे कडे धरले होते, किटलीच्या तोंडाशी धरते तसे. त्या टोकाशी पाणी हवेत येते, वायू निसटतो आणि दगड परत येतो. गुरुजींचा प्रयोग उलट दिशेने. आम्ल मुळीच कमी नव्हते. वाट बुजली होती. मूत्रमार्गात अडथळा असताना लघवी वाढविण्याचे औषध देत राहावे, तसा माझा उपचार झाला होता.

व्हॉल्व्ह घरच्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवताच स्वच्छ झाला. येथे मी थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. पण तूट भरून काढण्याच्या घाईत मी प्रवाह २४ ऐवजी ४० मिलिलिटर ठेवला आणि पीएच ६.३ वरून परत वर नेण्याचे विसरलो. सकाळी अल्कलिनिटी ८.१ आली. मी स्वतःवर खूश होऊन नातीला घेऊन ग्रंथालयात गेलो. रात्री मोजली तेव्हा १०.१! आत्यंतिक आम्लात तयार झालेले ते पाणी पंचेचाळीस अंशांचे होते आणि ते धो-धो टाकीत जात होते. रक्तातले सोडियम उतरलेल्या रुग्णाला घाईने वर आणले तर मेंदूला कायमची इजा होते, हे मी किती विद्यार्थ्यांना शिकविले असेल! अल्कलिनिटीही दिवसाला एखाद्या अंशाहून अधिक चढू देऊ नये. मी चोवीस तासांत पावणेचार अंश चढविली होती.

दुसऱ्या दिवशी तीन वसाहतींची टोके पांढरी पडली. जांभळ्या टोकांचे ते झाड बुंध्यापासून सोलवटत गेले. मांस गळून नुसती फांदी राहावी तसे. चार दिवसांत संपले. नात रोज काचेला नाक लावून विचारी, “आजोबा, ही झोपली आहे का?” भूलतज्ज्ञाला हा प्रश्न नातेवाइकांनी विचारलेला आहे, इतक्या अडचणीत मात्र मी कधी सापडलो नव्हतो.

फोनवर सगळे सांगितले. चिरंजीव रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी एकच विचारले, “बाबा, फ्लो मोजला होता का?”

पुढल्या पंधरवड्यात काही अंशी परतफेड करण्याची संधी मला मिळाली. चिरंजीव परत आल्यावर संक्रांतीचे हळदीकुंकू ठेवले होते. मंडळातल्या तीसेक जणी-जण मुलांसह आले. बाहेर बर्फ, खिडक्या गच्च बंद, घरात हीटर. रात्री टाकीचा पीएच ८.१५ वरून ७.८६ वर आला. चिरंजीवांना वाटले, रिअॅक्टर पुन्हा जादा वायू सोडतो आहे. ते कंट्रोलरला हात घालणार इतक्यात मी त्यांना थांबविले. या खेपेस आधी मोजणी. प्रवाह २४, बुडबुडे नेहमीइतकेच, प्रोब ७ आणि ४ च्या बफरमध्ये तपासला, तोही बरोबर. मग मी पाहुणे मोजले. विश्रांत अवस्थेतला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तीस माणसे, तीन तास. हजार लिटरच्या वर वायू त्या बंद घरात जमला होता, आणि टाकी तो खुशाल पीत होती.

खात्री करावयाची रीत सोपी आहे. टाकीतले पेलाभर पाणी घेतले, खिडकीच्या फटीतून नळी बाहेर काढून बाहेरची हवा त्यात तासभर बुडबुडविली. पेल्याचा पीएच ८.२ झाला, टाकी ७.८६ वरच. यंत्र निर्दोष सुटले. खिडक्या उघडल्यावर सकाळपर्यंत टाकीही पूर्वपदावर आली. हिवाळ्यात रोज खिडक्या उघडणे शक्य नसल्याने मी उपाय सुचविला, टाकीत हवा खेचणाऱ्या स्किमरच्या तोंडाशी सोडालाइमचे नळकांडे बसवावे. चिरंजीव म्हणाले, “बाबा, हे तर सगळे वापरतात, तुम्हाला कसं ठाऊक?” चाळीस वर्षे रुग्णांचा उच्छ्वास मी त्याच पांढऱ्या गोळ्यांतून फिरवला आहे. पुडके आले, गोळ्या भरल्या आणि आठवड्याने त्या खालून जांभळ्या होऊ लागल्या, तेव्हा जुना सहकारी भेटल्यासारखे वाटले. सोडालाइमही मुख्यतः चुनाच. निपाणीची डबी काही माझा पिच्छा सोडीत नव्हती. लहान टाक्यांत तर रिअॅक्टर न ठेवता रोज थेंब-थेंब चुन्याची निवळीच घालतात. त्याला जर्मन भाषेतले ‘काल्कवासर’ असे भारदस्त नाव आहे. माझ्या आजीची निवळी आणि ही निवळी यात तिळमात्र फरक नाही. फक्त आजी ती विकत नसे.

तेव्हापासून रिअॅक्टरच्या कपाटात दोरीने एक औषधाचे टोपण टांगलेले आहे. दर रविवारी प्रवाह, दर महिन्याला प्रोबची तपासणी, दोन महिन्यांनी व्हॉल्व्हला व्हिनेगरचे स्नान.

२०२४ च्या डिसेंबरात मुले बेळगावला आली, तेव्हा आम्ही सारे मालवणला गेलो. उथळ पाण्यात नातीने प्रथमच मोकळ्या समुद्रातले प्रवाळ पाहिले. ती हरखली, मला मात्र त्या कपाटातले नळकांडे आठवत राहिले. वातावरणातला कार्बन डायऑक्साइड ४२० भागांच्या वर गेला आहे, औद्योगिक युगापूर्वी तो २८० होता. समुद्राच्या वरच्या थराचा पीएच तेवढ्या काळात ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. आकडा लहान वाटतो; पण पीएच ७.४ चा ७.३ झालेला रुग्ण आपल्यापैकी कोणी दुर्लक्षिला आहे काय? ६.६ ला हाडे विरघळतात हे मी काचेतून पाहिले. ८.१ ला ती विरघळत नाहीत, पण बांधणे महाग पडत जाते. त्यात उष्णतेने विरंजनाची चौथी जागतिक लाट आल्याचे शास्त्रज्ञांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर केले होते. या नळकांड्याला कंट्रोलर नाही.

संध्याकाळी किनाऱ्यावर नातीला वाळूत पांढरा, फांदीसारखा एक तुकडा सापडला. मूठ मिटून ती धावत आली, “आजोबा, बाबांच्या रिअॅक्टरमध्ये घालायला!” मी तिला सांगितले की मेलेला असला तरी तो उचलून नेता येत नाही, आपल्याकडे तसा कायदा आहे. तिने बराच वेळ विचार केला, मग तो तुकडा लाटेच्या कडेला ठेवून आली. परतीच्या वाटेवर, आंबोलीच्या वळणांत, तिने विचारले की तो विरघळायला किती दिवस लागतील. मी म्हटले, ते पाण्यावर अवलंबून आहे. चिरंजीव गाडी चालवीत होते. आरशात पाहून हसले आणि म्हणाले, “आजोबांना विचार, फ्लो मोजला का.”